चार रिबिटांची नंबर प्लेट

माझ्या मोटारसायकलची मागची नंबर प्लेट गेली तेव्हा मी सदर बाजारात चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. काडीचा स्क्रू पडला होता. तो बसवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मी आत होतो. बाहेर आलो, किक मारली, निघालो. निघताना गाडीचं मागचं अंग कोण बघतं? मी तरी कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या चौकात शिपायानं हात आडवा केला. गाडी बाजूला घ्यायला लावली, कागद मागितले. कागद घरी होते, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. कागद खिशात ठेवून घामानं भिजवायचे नसतात हे मला माझ्या बापानं शिकवलं होतं. शिपायाला ते काही पटलं नाही. गाडी कोणाची, कधीपासून आहे, प्लेट का काढली, असं एकामागून एक विचारायला लागला. प्लेट का काढली म्हणजे? तेव्हा कुठं मी उतरून मागं बघितलं. नुसती दोन भोकं, आणि त्यात तुटलेलं प्लास्टिक. तोवर चार माणसं जमली होती. त्यातला एक केळं खात होता. तो म्हणाला, "इस उमर में, बाबा?" आणि बाकीचे हसले.

मी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात अडतीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत, ती पण हिंदीतली. मराठी आईनं पंचांगावर बोट ठेवून शिकवली. बाप भुसावळकडून नोकरीसाठी झाशीला आला तो इथल्या नगरा मोहल्ल्यातच राहिला, आणि मीही तिथंच राहिलो. कारखान्याच्या फाटकावर सुटताना पिशव्या तपासायचे. माझ्या पिशवीत डब्याशिवाय कधी काही निघालं नाही, एक खिळासुद्धा नाही. आणि इथं भर चौकात केळं खाणारा माणूस मला चोर समजून हसला. प्लेट गेली त्याचं मला एवढं वाटलं नाही. हे मात्र लागलं.

शिपायानं मला चौकीत नेलं. तिथले लिहिणारे हवालदार, मुंशीजी, भले होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. मला वाटत होतं, चोर प्लेट भंगारात विकतात. मुंशीजींनी समजावलं की प्लेट भंगारात जात नाही, ती चोरीच्या गाडीवर जाते. मग त्या गाडीवरून कोणी कोणाच्या गळ्यातली साखळी ओढतो, आणि पोलीस येतात ज्याचा नंबर आहे त्याच्या दारात. म्हणून प्लेट गेली की त्याच दिवशी लिहून द्यायचं आणि शिक्का मारलेला कागद जपून ठेवायचा. मी अर्ज लिहिला. हिंदीत चार ओळी, त्यात तीन चुका, पण सही ठसठशीत केली.

नवी प्लेट मागवायची ती मोबाइलवरून. ते काम शेजारच्या बहूनं केलं. बहू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर आहे त्यांची सून. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. ती चिरगावच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर, लस टोचायच्या कामाला. बस चिरगावपर्यंत जाते, पण पुढं खेड्यांत कोण नेणार? म्हणून नवऱ्याची घरी पडलेली मोटारसायकल तिनं शिकून घेतली. शिकवली मी, रेल्वेच्या मैदानात. पहिल्या दिवशी ती गाडीसकट पडली, उठली, ओढणी घट्ट बांधली आणि परत बसली. तेव्हाच मी ओळखलं की ही शिकणार. इकडं बुंदेलखंडात काकाला कक्का म्हणतात, ती मला कक्काजी म्हणते.

तर नवी प्लेट आली. ती दुकानातच बसवून घ्यावी लागते. तिथल्या माणसानं दोन प्लास्टिकचे लॉक भोकात दाबले, टक टक आवाज आला, म्हणाला झालं. मी विचारलं, हे पक्कं आहे? तो म्हणाला, हे एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. मी म्हटलं, पहिली प्लेट पण अशीच बसवली होती, ती कशी गेली? तो म्हणाला, "तोड़ के ले गए होंगे।"

जो लॉक तोडून नेता येतो त्याला मी लॉक म्हणत नाही. घरी आलो आणि पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली.

वॅगनच्या कामात आम्ही रिबिट मारायचो. पुस्तकात त्याला रिव्हेट म्हणतात, आमच्या कारखान्यात रिबिटच. लोखंडाची जाड कांडी, एका बाजूला गोल डोकं. दोन पत्र्यांच्या भोकातून घालायची, एकानं मागून लोखंडाचा गुटका टेकवून धरायचा, दुसऱ्यानं पुढून ठोकून दुसरं डोकं करायचं. मग ते दोन पत्रे नाही उरत, एक होतात. माझ्या हातचे रिबिट लागलेल्या वॅगनी पार कुठं कुठं गेल्या, कोळसा वाहिला, गहू वाहिला, परत आल्या तेव्हा पत्रा सडला होता पण रिबिट तसेच.

मी प्लास्टिकचे लॉक पक्कडीनं कापले. प्लेटीच्या वरच्या आणि खालच्या काठावर लोखंडाची एकेक पट्टी घेतली, चार भोकं पाडली आणि चार रिबिट न तापवता थंडेच ठोकले. मागून गुटका धरायला आमच्या मंडळींना बसवलं. बायको पहिल्या ठोक्याला ओरडली, मग तिला सवय झाली. शेवटी खालच्या पट्टीवर ठशानं माझा नंबर मारला, चारशे सतरा. कारखान्यात प्रत्येक रिबिटवाल्याला नंबर असायचा आणि केलेल्या कामावर तो मारावाच लागे. वॅगन परत आली, काम ढिलं निघालं, तर नंबर बघून माणसाला बोलवायचे. मला एकदाही बोलावणं आलं नाही.

मोहल्ल्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. प्लेटी आणखीही दोघांच्या गेल्या होत्या, लोक घाबरलेले होतेच. दूधवाला आला, त्याची गाडी केली. मग कोपऱ्यावरचा किराणावाला आला. माझी धरून नऊ गाड्या झाल्या. लोक येऊन प्लेट धरून ओढून बघायचे आणि हसायचे. मी ओट्यावर बसून बघायचो. खोटं कशाला लिहू, निवृत्त झाल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्या नऊ गाड्यांत बहूची गाडी होती. तिनं करून मागितली नव्हती. ती म्हणाली, "रहने दो कक्काजी, कंपनी का लॉक है।" मी म्हटलं, कंपनीनं वॅगन बांधली आहे का कधी? ती हसली आणि चहा करायला आत गेली. ती चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मी लॉक कापून टाकले होते. मग ती उभी राहून बघत राहिली. बायको मला नंतर म्हणाली, "अहो, तिनं नको म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, तिला लोखंडातलं काय कळतं.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका मंगळवारी दुपारी मी चहा पीत होतो. बायको मागच्या भिंतीशी बहूच्या सासूशी बोलत होती, ती आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. बहूची गाडी सकाळी चिरगावच्या रस्त्यावर तपासणीत अडवली होती. ती आणि गाडी दोघी ठाण्यात होत्या. प्लेटीला कंपनीचं लॉक नाही, रिबिट आहेत. पोलिसांचं म्हणणं असं की चोर हेच करतात. चोरलेल्या प्लेटीचं लॉक तुटलेलं असतं, म्हणून ती दुसऱ्या गाडीवर लावताना बोल्ट मारतात नाहीतर रिबिट मारतात. गाडीचे कागद सुरतेच्या नवऱ्याच्या नावावर, आणि तो मिलच्या पाळीत, फोन उचलत नव्हता. इंजिनाजवळचा गाडीचा नंबर गंजानं अर्धा खाल्लेला. आणि दुसऱ्या दिवशी बुधवार, तिचा तीन गावांत लस टोचायचा दिवस. सासरा आजारी होता म्हणून त्या महिन्यात आधीच तिच्या सुट्ट्या झाल्या होत्या. आता लस टोचायचा एक जरी दिवस बुडाला तर कंत्राट पुढं वाढणार नाही असं तिला दवाखान्यात स्पष्ट सांगितलं होतं.

मी म्हटलं, मग तिनं सांगायचं ना की हे काम मी केलं.

बायको म्हणाली, "चारदा विचारलं तिला, कोणी केलं. तिनं तुमचं नाव घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसाला ठाण्यात ओढतील म्हणाली. म्हणून तुम्ही इथं चहा पिताय."

मी कप खाली ठेवला. हत्यारांची पिशवी घेतली. माझ्या गाडीवर जायची सोय नव्हती, तिच्यावर पण तेच रिबिट. ऑटोनं गेलो.

ठाण्याच्या अंगणात बहूची गाडी उभी होती आणि शेजारी आमच्या दूधवाल्याची, तीही सकाळीच अडकलेली; तो कागद आणायला घरी गेला होता. बहू व्हरांड्यातल्या लोखंडी बाकावर बसली होती, लसीची निळी पेटी मांडीवर. मला बघून तिनं मान हलवली, म्हणजे जा, असं. मी सरळ दरोगाजींच्या, म्हणजे फौजदारांच्या, टेबलाशी गेलो. दरोगाजी माझ्या मुलाच्या वयाचे, डोळे जागरणानं सुजलेले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मोबाइलवर दोन फोटो शिपायाला दाखवले. दोन्ही गाड्यांच्या पट्टीवर एकच आकडा, चारशे सतरा. शिपाई म्हणाला, साहेब, टोळीचीच खूण आहे ही.

"टोळी नाही," मी हिंदीत म्हटलं, "मी आहे."

मग मी सगळं सांगितलं. सदर बाजार, चष्मा, केळं खाणारा माणूस, कारखाना, नंबर मारायची रीत. दरोगाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, बाबा, तुम्ही या बाईला वाचवायला आलात हे दिसतंय, पण असं कोणीही म्हणेल. मी पिशवीतून ठसे काढले, चार, एक आणि सात. लोखंड मागितलं. लोखंड कोणाजवळ नव्हतं. बहू बसली होती त्या बाकाचा पाय लोखंडी होता. मी तिला उठवलं, गुडघ्यावर बसलो आणि बाकाच्या पायावर तीन ठोके मारले. दरोगाजींनी मोबाइल शेजारी धरून बघितलं. चारच्या शेपटीला माझ्या ठशात एक चीर आहे, ती तिन्ही ठिकाणी सारखी आली होती. "सरकारी बाक खराब केलात," ते म्हणाले, पण आवाज नरम झाला होता.

तरी गाडी सुटली नाही. त्यांनी मला गाडीजवळ नेऊन दाखवलं. नव्या प्लेटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक आकडे कोरलेले असतात. ते आकडे आणि गाडीचा नंबर संगणकात जुळला की प्लेट त्याच गाडीची हे ठरतं, भांडण मिटतं. बहूच्या प्लेटीवरचे ते आकडे माझ्या पट्टीखाली गेले होते. सगळ्या नऊ गाड्यांवर गेले असणार. असले आकडे असतात हेच मला ठाऊक नव्हतं. नाकावर चष्मा असून मी ते बघितले नव्हते. ठाण्यातल्या शिपायानं सकाळी पट्टी उचकटायचा प्रयत्न केला होता, त्यात त्याचा स्क्रूचा पेचकस वाकला. तो पेचकस त्यानं मला आणून दाखवला. दुसरा कोणता दिवस असता तर मला आनंद झाला असता.

मी म्हटलं, मी काढतो.

छिन्नी रिबिटाच्या डोक्याखाली लावली आणि हातोडा मारला. डोकं हललं नाही. दुसरा मारला. तिसऱ्याला छिन्नी सटकली आणि माझ्या बोटाचं सालटं निघालं. ठोकताना डोकं करणं वेगळं आणि केलेलं डोकं तोडणं वेगळं. तोडायला जोर लागतो. माझा उजवा खांदा चार वर्षांपासून वर जात नाही. हे घरी कोणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितो आहे. दहा-बारा ठोके मारले असतील. शिपाई बघत होते, दरोगाजी घड्याळ बघत होते. डोक्यावर नुसती एक पांढरी रेघ उमटली होती. मला श्वास लागला. मी गाडीच्या सीटला धरून उभा राहिलो, जसं काही विचार करतोय.

एक शिपाई पुढं झाला, त्यानं हातोडा हवेत असा वेडावाकडा धरला की मी छिन्नी मागं घेतली. तेवढ्यात बहूनं लसीची पेटी बाकावर ठेवली आणि ओढणी कमरेला खोचली.

"आप छिन्नी पकड़ो, कक्काजी। हम मारते हैं।"

मी तिच्याकडं बघितलं. मी तिच्या गाडीचं वाटोळं केलं होतं, तिची नोकरी धोक्यात घातली होती, ती दिवसभर चोरासारखी बसवली गेली होती. त्या चौकात मी जसा उभा होतो तशीच, फक्त ती जास्त वेळ. आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी छिन्नी धरली. तिला सांगितलं, रिबिटाकडं बघू नको, माझ्या हाताकडं तर मुळीच बघू नको, छिन्नीच्या माथ्यावर नजर ठेव आणि हातोड्याला आपल्या वजनानं पडू दे. पहिला ठोका माझ्या अंगठ्यावर बसला. ती थांबली. मी म्हटलं, "मार." दुसरा बरोबर बसला. मग ती थांबली नाही. डोकं एका बाजूनं उचललं, मी छिन्नी फिरवली, तिनं मारला, आणि डोकं उडून अंगणात पडलं. एकेक करत चारही गेली. मागून कांड्या ठोकून बाहेर काढल्या, दोन्ही पट्ट्या सुटल्या. खालच्या पट्टीखाली प्लेटीचा काठ दबला होता पण आकडे शाबूत होते. दरोगाजींनी वाकून मोबाइलच्या उजेडात ते मोठ्यानं वाचले, आतल्या मुंशीनं संगणकात घातले. आतून आवाज आला, जुळतात.

पुढचं कागदपत्रांचं काम झालं. लॉक नसल्याबद्दल दंडाची पावती झाली, ती मी माझ्या नावावर मागितली, नियमात बसत नाही म्हणाले. नवी प्लेट मागवल्याची पावती जवळ ठेवली तर ती येईपर्यंत गाडी चालवता येईल, असं दरोगाजींनी सांगितलं. जुनी प्लेट आम्ही तारेनं बांधली. दूधवाल्याची पट्टी पण तिथंच काढली, तो कागद घेऊन घरून धावत आला होता. दरोगाजी जाताना मला म्हणाले, बाबा, प्लेट वाचवायची असेल तर गाडी भिंतीकडं पाठ करून लावा, उजेडात लावा, आणि उतरताना-चढताना एकदा मागं बघा. गेलीच तर त्याच दिवशी आमच्याकडं या. लोखंड आमच्यावर सोडा. एवढं साधं मला सुचलं नव्हतं हे खरं आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो. ज्याच्याजवळ गाडी असेल त्यानं तसं करावं.

परत येताना ऑटो शोधू लागलो तर बहू म्हणाली बसा मागं. मी कोणाच्या मागं बसत नाही. मुलाच्या मागं पण बसलेलो नाही. पण तिनं गाडी चालू करून ठेवली होती आणि शिपाई बघत होते. बसलो. हत्यारांची पिशवी मांडीवर, लसीची पेटी पिशवीवर. रेल्वेच्या पुलाच्या चढावर तिनं बरोबर वेळेला गियर खाली घेतला.

माफी मागायची मनात होती. वाटेत दोनदा तोंड उघडलं. पण काम चांगलंच होतं, ते चुकीच्या जागी होतं, एवढंच मला म्हणता येत होतं, आणि ती काही माफी होत नाही. घराच्या वळणावर तीच म्हणाली, "बाकी सात भी निकालने पड़ेंगे न?"

मी म्हटलं, हो.

"इतवार को हमारी छुट्टी है।"

बुधवारी ती सहाच्या आत निघाली. मी ओट्यावर होतो. संध्याकाळी परत आली तेव्हा गाडीला चिखल लागलेला होता आणि बायकोला तिनं भिंतीवरून सांगितलं की तिन्ही गावं झाली. कंत्राट वाढलं. ते तिनं मला वेगळं सांगितलं नाही, बायकोकडून कळलं.

रविवारी आम्ही दोघं घरोघर गेलो. प्रत्येक दारात मला सांगावं लागलं की जे बसवलं ते काढायला आलोय, का ते पण सांगावं लागलं, आणि प्रत्येक घरातून कोणीतरी हसलं. किराणावाला ऐकेना. माझी प्लेट अजून कोणी हलवू शकलं नाही, ती मी काढू देणार नाही म्हणाला. त्याला समजावता समजावता मला त्याचा रागही आला आणि तो आवडलाही. शेवटी तपासणीत अडकशील तेव्हा माझं नाव सांग, असं म्हणून आम्ही पुढं गेलो. शेवटची माझी स्वतःची गाडी. तोवर तिचा हात बसला होता. चार डोकी अकरा ठोक्यांत गेली. कारखान्यात असती तर मी तिला नंबर द्यायला लावला असता. तिला मी एवढंच म्हटलं की हातोडा पुसून ठेव, गंज चढतो.